सातपैकी सात

गाडीत माणसे चार, छत्र्या दोन, पाण्याची सुरई एक आणि वेताची टोपली एक. टोपलीत ताडीने आंबवलेल्या पिठाचे बावीस फुगे, सहा उकडलेली अंडी आणि केळीच्या पानात बांधलेले तळलेले बोंबील. घोडा एक, मागचा उजवा पाय किंचित ओढणारा. जेराल्डच्या कोटाच्या खिशात एक वही, वहीत त्याने सकाळी आखलेल्या सात ओळी, सातही कोऱ्या. तारीख ३० जानेवारी १८८६, वार शनिवार. ठाण्याच्या तळ्याकाठच्या ख्रिस्ती आळीतून गाडी हलली तेव्हा सात वाजून वीस मिनिटे झाली होती आणि आकाशात एकही ढग नव्हता.

आळीतल्या बायका दारात उभ्या राहून पाहत होत्या. ज्युलियानाबाईंचा मुलगा बी. एस्सी. झाला, मुंबईच्या शाळेत मास्तर झाला, आणि आता आईला शिग्रामात बसवून घोडबंदरच्या बाजूला समुद्राची हवा खायला नेतो आहे, यापेक्षा वेगळे त्यांना काही दिसत नव्हते. ज्युलियानाने ठेवणीतले तांबडे लुगडे नेसले होते. ती गाडीत चढताना तिची मुलगी मॅग्डलीन हिने हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला आणि पायरी पायानेच चाचपून वर चढली. जेराल्डने ते पाहिले. वहीत लिहिले नाही, कारण ते त्याने ठरवलेल्या सात प्रश्नांत नव्हते.

ही सहल मॅग्डलीनच्या सांगण्यावरून निघाली होती. नाताळच्या दिवशी मायने भरलेली बशी टेबलावर ठेवली ती टेबलाच्या कडेपलीकडे चार बोटे, हवेत. बशी फुटली. माय म्हणाली, मांजर आडवे गेले. घरात मांजर नव्हते. त्यानंतर तीन आठवडे मॅग्डलीनने आईवर पाळत ठेवली. माय सुईत दोरा ओवायचे टाळते, दिव्यात तेल घालायला मुलीलाच सांगते, शेजारची व्हिक्टोरिया बोलेपर्यंत तिला ओळखत नाही, हे सगळे तिने जेराल्डला मागच्या शनिवारी विहिरीपाशी सांगितले. मग ती जे म्हणाली ते त्याला आठवडाभर शाळेत शिकवतानाही ऐकू येत होते.

"मला विचारलं तर माय म्हणते, छान दिसतं. तू मोजून सांग, दादा. तुझ्या आकड्यावर मी विश्वास ठेवीन. तिला दिसत नसेल तर मी हे लग्न करत नाही."

लग्न कल्याणच्या वॉल्टरशी ठरले होते. वॉल्टर रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये फिटर होता आणि एक मार्चला त्याची बदली भुसावळला व्हायची होती. त्यामुळे लग्न फेब्रुवारीतच उरकायला हवे होते, आणि त्याआधी ओळीने तीन रविवारी चर्चमध्ये दोघांच्या नावांची हाक व्हायला हवी होती. पहिली हाक उद्याच. एकदा नावे वेदीवरून वाचली गेली की माघार म्हणजे दोन्ही घरांची शोभा. मॅग्डलीनला वॉल्टर मनापासून आवडत होता. त्याने पितळेच्या नळीचा तुकडा लेथवर फिरवून तिला शिवताना बोटात घालायचे अंगुस्तान करून दिले होते. ते तिने दोऱ्यात ओवून गळ्यात क्रूसाशेजारी घातले होते. पण आंधळ्या आईला एकटी टाकून ती भुसावळला जाणार नव्हती, आणि ती हट्टाला पेटली की काय करते हे जेराल्डला लहानपणापासून ठाऊक होते.

जेराल्डचीही एक अडचण होती. कराची बंदरात भरती-ओहोटीची रोजची उंची मोजायच्या कामावर त्याला जागा मिळाली होती. मार्चच्या मध्याला हजर व्हायचे होते. बाप वारला त्याला सहा वर्षे झाली होती. मायकडे पाहायला या दोघांखेरीज घरात तिसरे कोणी नव्हते. म्हणजे मायचे डोळे चांगले निघाले तर दोघेही सुटणार होती, आणि वाईट निघाले तर दोघांपैकी एकाला राहावे लागणार होते. हे गणित त्याने मॅग्डलीनजवळ मांडले नव्हते. तिने ते केलेच होते आणि उत्तरात स्वतःला ठेवले होते.

माजिवडे मागे पडले. गाडीवान धाकू कळव्याचा होता आणि त्याच्या तोंडाला चाकांइतकाच आराम होता. समोर काय येते ते तो घोड्याला सांगत असे. घोड्याला सांगताना मागच्यांनाही सांगणे व्हायचे. जेराल्डने पहिल्या मैलानंतर त्याच्याकडे लक्ष देणे सोडले. रस्त्याच्या उजव्या हाताला खाडी दिसू लागली, तिवरांच्या हिरव्या पट्ट्यापलीकडे रुंद, उन्हात चकाकणारी. भरती नुकतीच उतरू लागली होती.

कावेसरच्या चढावर त्याने पहिला प्रश्न सहज विचारावा तसा विचारला. "माय, खाडीत मचवे किती दिसतात गं?"

ज्युलियानाने मान वळवली, थोडी थांबली. "तीन. ओहोटीबरोबर वसईकडे निघालेत."

तीनच होते. मॅग्डलीनने जेराल्डकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर नाताळनंतर पहिल्यांदा थोडे हसू आले. त्याने वहीत पहिल्या ओळीपुढे खूण केली.

दुसरा प्रश्न पलीकडच्या डोंगराचा होता. कामणदुर्गाचे टोक कुठे ते विचारल्यावर मायने बोट केले ते नेमके टोकावर. कासारवडवलीच्या पुढे त्याने विचारण्याआधीच तिने सांगितले की चुन्याची भट्टी पेटली आहे. खाडीत रोवलेले जाळ्याचे खुंट तिने अकरा सांगितले, आणि त्यातले दोन वाकलेत असेही. ओवळ्याच्या पुढे गाडी थांबवून त्यांनी न्याहारी केली. तिथे जेराल्डने उरलेले तीन प्रश्न संपवले. तिवरांवर बसलेले पक्षी बगळे, पलीकडच्या काठावरची वाळू काळी, समोरून येणारी गाडी बैलांची आणि बैल दोन्ही पांढरे. सातपैकी सात बरोबर.

मॅग्डलीनने चौथा फुगा घेतला आणि आईला लग्नाच्या साड्यांविषयी काही विचारले. मग ती बोलतच सुटली. भुसावळला उन्हाळा फार असतो म्हणे, रेल्वेची घरे दगडी आहेत, मायने पावसाळ्यात येऊन राहायचे, वॉल्टर पास काढून देईल. ज्युलियाना हसत होती आणि मुलीला मधूनच टोमणा मारत होती की नवऱ्याला फुगे खाऊ घालशील की सगळे तूच संपवशील. सूर्य तिच्या अगदी समोर होता. बाकीच्या तिघांनी डोळ्यांवर हात धरले होते. तिने डोळे बारीकही केले नव्हते. जेराल्डच्या हे ध्यानात आले, पण वही त्याने मिटून खिशात टाकली होती आणि त्याला ती पुन्हा उघडायची नव्हती.

ओवळ्यानंतर डोंगर जवळ आला. गायमुखाशी तो थेट खाडीत उतरतो. एका बाजूला काळा कातळ, दुसऱ्या बाजूला तीस-चाळीस फूट खाली फुटके खडक, आणि मधून एका गाडीपुरता रस्ता. ओहोटीने खडकांच्या माना उघड्या पडल्या होत्या. त्यांवर कोळणी हातोडीने कालवे फोडत होत्या. चढ मोठा म्हणून धाकूने तरुणांना उतरायला सांगितले. मॅग्डलीनने वहाणा हातात घेतल्या. "कालवं घेऊन येते," म्हणत ती खडकांच्या वाटेने खाली गेली. आता तिला घाई नव्हती. जेराल्ड चाकाबरोबर पायी चालू लागला. माय गाडीत एकटीच बसली होती.

हा तिचा मुलूख होता. गायमुखाच्या पुढच्या चार घरांच्या पाड्यात तिचा जन्म झाला होता. पाडा केव्हाच उठला, पण वळणावरच्या कड्यावर पाड्यातल्या लोकांनी उभारलेला क्रूस राहिला होता. काळ्या दगडाचा चौथरा आणि त्यावर चुना लावलेला लाकडी क्रूस. इथून जाणारा प्रत्येक ख्रिस्ती माणूस, पायी असो की होडीत, या ठिकाणी क्रूसाची खूण करी, बायका डोके झाकून. ज्युलियानाने लहान असताना ते हजारदा केले असेल.

गाडीने चढ संपवला, डावे चाक एका खळग्यातून गेले, घोडा वळणाला लागला. त्याबरोबर ज्युलियानाने लुगड्याचा पदर डोक्यावर घेतला, उजवीकडे कड्याच्या दिशेने तोंड केले, आणि कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा अशी सावकाश खूण केली.

"चुना नवा दिलाय," ती म्हणाली. "किती पांढरा झालाय बघ, जेराल्ड."

कड्यावर क्रूस नव्हता. कडाच नव्हता. गेल्या श्रावणात तो चौथऱ्यासकट खाली कोसळला होता आणि तिथे लाल मातीची उघडी जखम तेवढी उरली होती. तिच्यातून पलीकडचे आकाश दिसत होते. धाकूने लगाम खेचला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला बोलायला काही सुचले नसावे. त्याने जेराल्डकडे पाहिले, मग घोड्याच्या कानांकडे.

ती शांतता ज्युलियानाला कळली. तिचा हात छातीशीच राहिला.

"काय झालं रे?" ती म्हणाली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "नाय का तिथं?"

"गेल्या पावसात गेला, मावशी," धाकू म्हणाला. "दरड पडली."

जेराल्डने तिला हात धरून खाली उतरवले. या वेळी तिने हात बाजूला सारला नाही. रस्त्याच्या कडेला एक सपाट खडक होता, त्यावर ती दोघे बसली. धाकू घोड्याला पाणी पाजायला पुढे गेला. खालून कोळणींच्या हातोड्यांचा आवाज येत होता, आणि एक बाई, बहुधा हौसाबाई नावाची, कारण दुसरी तिला त्याच नावाने चिडवत होती, मोठ्याने हसत होती. मॅग्डलीनही त्यांच्यात हसत होती.

जेराल्डने वही काढली आणि सात खुणांकडे पाहिले. मग त्याने आईला एकेक विचारले आणि तिनेही एकेक सांगितले. लपवण्यासारखे आता काही उरले नव्हते. मचवे धाकूने घोड्याला मोजून दाखवले होते. खुंट, आणि वाकलेले दोन, तेही धाकूचेच. बैलांचे तोच म्हणाला होता, आली बघ पांढऱ्या बैलांची. डोंगराचे टोक तिला झोपेतही दाखवता आले असते. वाळू तिच्या जन्माच्या आधीपासून काळीच होती. भट्टीचा वास आला होता. आणि बगळे? बगळे तिने ठोकून दिले होते. तिवरांवर दुसरे काय बसणार?

धाकूचे तीन, आठवणीचे दोन, वासाचा एक, अंदाजाचा एक. डोळ्यांचा एकही नाही.

जेराल्डला स्वतःची लाज वाटली. ज्या किनाऱ्यावर ती जन्मली तोच किनारा त्याने तिची दृष्टी तपासायला निवडला होता, आणि वर प्रत्येक उत्तर आधीच मोठ्याने सांगणारा माणूस पुढे बसवला होता. त्याच्या वर्गातल्या पोरानेही प्रयोग असा मांडला नसता. कल्याणला नेता आले असते. तिथे तिने फारसे काही पाहिले नव्हते. मुंबईला डॉक्टरकडेच नेता आले असते. घोडबंदरचे नाव त्याला का सुचले, या प्रश्नापाशी तो थोडा वेळ थांबला. त्याच्या पेटीत कराचीचे पत्र होते. त्याला बरोबर उत्तरे हवी होती, आणि ती जिथे मिळतील तिथेच तो तिला घेऊन आला होता.

"किती दिवस झाले, माय?"

"डावा गेल्या पावसापासून. उजवा आताशा. मधलं दिसतं, कडेचं जातं. नळीतून पाहिल्यासारखं." ती स्वयंपाकातल्या बिघाडाविषयी बोलावे तशी बोलत होती. "दुखतं थोडं. डोकं धरतं."

या दुखण्याचे नाव काचबिंदू हे त्याला ठाऊक होते आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही हेही ठाऊक होते. नाव त्याने उच्चारले नाही.

तिच्या परवानगीने त्याने तिथेच मोजले. तिची पाठ उन्हाकडे केली. तिच्याच पदराने आधी उजवा डोळा झाकला आणि तिच्यासमोर उभे राहून बोटे धरली. ती काही बोलली नाही. तो पुढे सरकला, आणखी पुढे, इतका की बोटे तिच्या पापण्यांना लागली. मग डावा डोळा झाकून तो वीस पावले मागे गेला आणि बोटे बदलत पावलाला पाऊल लावून पुढे येऊ लागला. त्याच्या बुटाची लांबी साडेदहा इंच होती, ती त्याने कधीच मोजून ठेवली होती. ती चुकत होती, चुकत होती, आणि मग एका जागी तिने तीन म्हटले, दोन म्हटले, चार म्हटले, आणि तिन्ही बरोबर होते. तिथून तिच्या खडकापर्यंत बूट मोजले. मग खात्रीसाठी पुन्हा मागे जाऊन सगळे दुसऱ्यांदा केले. आकडा तोच आला. तो त्याने वहीत लिहिला.

"झालं?" तिने पदर नीट करत विचारले. "आता ऐक. तिला वीस फूट सांग."

"माय."

"वीस चांगला गोल आकडा आहे."

"मोजलेला आकडा असा गोल येत नाही."

"मग एकोणीस सांग. तुझ्या शाळेत खोटं शिकवत नसतील, एक दिवस माझ्याकडून शीक." तिने त्याचे मनगट धरले, पकड घट्ट होती. "त्यांची नावं उद्या वाचली जाऊ दे. तीन रविवार. लग्न लागलं, गाडीत बसली, की मग कळू दे तिला काय कळायचं ते. माझ्या डोळ्यांपायी मी पोरीला घरात बसवू? तुझी पण कराची आहे. व्हिक्टोरिया आहे शेजारी. विहीर दारात आहे, चर्च एकशे बारा पावलांवर आहे. मी पण मोजून ठेवलंय, तू एकटाच नाय मोजत."

एकशे बारा पावले ती कधी मोजत गेली असेल, एकटी, सकाळच्या मिसाच्या प्रार्थनेला जाताना, कोणाला कळू न देता, याचा तो विचार करत होता. खोटे सांगणे किती सोपे होते तेही त्याला दिसत होते. मॅग्डलीनने त्याला शपथ घातली नव्हती. तिने फक्त विश्वास ठेवीन म्हटले होते. तो एकोणीस म्हणाला असता तर तिने पुन्हा विचारले नसते, सुखाने भुसावळला गेली असती, आणि एखाद्या पावसाळ्यात माय विहिरीच्या काठाशी किंवा चुलीशी सापडल्याचे पत्र तिला तिकडे मिळाले असते. ते पत्र लिहायलाही तो स्वतः घरी नसता, कराचीत असता.

"मी राहतो," तो म्हणाला. "कराचीला नाही कळवतो. मुंबईची शाळा आहेच, रोज ठाण्याहून जाईन. ती भुसावळला जाऊ दे."

"तू राहणार आणि काय करणार? चूल फुंकणार?" ती म्हणाली, पण आवाजात धार नव्हती. थोड्या वेळाने तिने विचारले, "आणि तिला खरं सांगून ती जाईल?"

हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने तसे सांगितले.

मॅग्डलीन वर आली तेव्हा तिच्या लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत भिजला होता आणि ओच्यात कालवांचा ढीग होता. कोळणीने तिला लग्नाचे म्हणून वरकड दिली होती आणि नवऱ्याला कालवे कशी चारायची याचा चावट सल्लाही दिला होता. तो सल्ला ती आईला सांगणार एवढ्यात तिची नजर वळणाकडे गेली. कोसळलेल्या कड्याकडे तिने पाहिले. मग आईच्या डोक्यावर अजून तसाच असलेल्या पदराकडे. मग भावाच्या हातातल्या वहीकडे, जिच्यातल्या सातही खुणांवर आता आडवी रेघ होती.

तिने कालवे हळूच खडकावर ओतली. एक घरंगळत खाली गेले आणि कोणी ते उचलले नाही.

"पुन्हा मोजलंस?" तिने विचारले.

"मोजलं."

ज्युलियाना खडकावर ताठ बसली होती. तिने जेराल्डचे मनगट सोडले नव्हते, आणि आता तिची बोटे त्यात रुतली.

"आधी माझं ऐक," तो बहिणीला म्हणाला. "मी कराचीला जात नाही. ठाण्यात राहतो, मायजवळ. हे मी सांगितलंय तिला. आज संध्याकाळी पत्र टाकतो. उद्याची हाक होऊ दे."

"ते मी विचारलं नाही," मॅग्डलीन म्हणाली. तिचा हात गळ्यातल्या दोऱ्याकडे गेला आणि मुठीत काहीतरी धरून तिथेच थांबला. "तू राहा नाहीतर जा. मी काय करायचं ते मी बघेन. मी तुला एकच विचारलं होतं, दादा."

"बाय, इकडं बस," ज्युलियाना म्हणाली. "मला चांगलं..."

"माय, तू नको बोलू. त्याला बोलू दे."

धाकू घोडा घेऊन परत येत होता. त्या तिघांना पाहून तो वीस पावलांवरच थांबला आणि उगाच साजाचा पट्टा सोडून पुन्हा बांधू लागला. ऊन आता डोक्यावर आले होते. खाली पाणी आणखी उतरले होते आणि सकाळी न दिसलेले खडक पार मध्यापर्यंत काळे चकाकत होते. जेराल्डने वही उघडली. आकडा त्याला पाठ होता, तरी त्याने तो वाचूनच सांगितला.

"उजवा डोळा पाच फूट तीन इंच. डावा शून्य."